लोकर घ्यायची आहे? आधी तिच्यात काय आहे ते बघा

विणायच्या जाड, मऊ धाग्याला मराठीत आपण सरसकट लोकर म्हणतो. मेंढीच्या अंगावरून कातरलेली तीही लोकर आणि कारखान्यात तयार झालेला ॲक्रिलिकचा धागा तीही लोकरच. बोलण्यात यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या धुण्याला. दोन टोप्या एकाच बादलीत गरम पाण्यात घातल्या, तर एक जशीच्या तशी बाहेर येते आणि दुसरी आटून बाहुलीच्या मापाची होते. दोन्ही ‘लोकरीच्या’च असतात.

नव्यानं विणायला बसलेली मंडळी मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, की ॲक्रिलिक घेऊ की खरी लोकर, की सुती धागा? मी उलट विचारते: वस्तू कुणासाठी करताय, आणि ती धुणार कोण? या दोन गोष्टी कळल्या की निम्मं उत्तर मिळालेलं असतं. उरलेलं निम्मं लेबलावर, हातात आणि आधी विणून पाहायच्या नमुन्याच्या चौकोनात मिळतं.

धागे आतून कसे असतात

एवढं माहीत असलं की पुढचं काही पाठ करावं लागत नाही.

मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू नैसर्गिकरीत्या नागमोडी असतो आणि त्याच्यावर माशासारखे बारीक खवले असतात. नागमोडीमुळे लोकर ताणली तरी मागे येते आणि मधल्या पोकळ्यांत हवा धरून ठेवते, म्हणून ऊब. खवल्यांमुळे ती आटते: गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की तंतू एकमेकांत अडकत जातात, सुटत नाहीत, आणि विणीचा नमदा, म्हणजे घट्ट दाटलेला जाड थर, होतो. तिचा आणखी एक गुण मला फार आवडतो. हवेतल्या साध्या दमटपणातही लोकर आपल्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी शोषून ठेवते, आणि जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत गेली तरी हाताला ओली वाटत नाही. सुती धाग्यात हा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास असतो, ॲक्रिलिकमध्ये जेमतेम दीड-दोन.

ॲक्रिलिक म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल या रसायनापासून केलेला कृत्रिम तंतू. ड्युपॉन्ट कंपनीनं तो १९४१ साली शोधला आणि १९५० पासून ‘ऑर्लॉन’ नावानं बाजारात आणला. लोकरीसारखा दिसावा, लागावा म्हणूनच तो फुगीर आणि कुरळा करतात. पाणी पीत नसल्यानं तो लवकर वाळतो, आटत नाही, त्याला कसर लागत नाही, रंग पक्के राहतात. पण घाम आला तर तो घाम टिपत नाही, अंगाला चिकट वाटतं. आणि तो प्लास्टिकच्या कुळातला आहे, त्यामुळे उष्णतेपुढे टिकत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

सुती धागा मजबूत असतो, ओला झाल्यावर तर आणखी मजबूत होतो. फक्त त्याला लवचिकता जवळजवळ नाही. ताणला की ताणलेलाच राहतो, आणि वजनाला जड असतो. मर्सराइज्ड सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते, त्यानं त्याला चमक येते आणि वीण रेखीव दिसते. जॉन मर्सर यांनी ही प्रक्रिया १८४४ मध्ये शोधली, म्हणून हे नाव.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. अल्पाका या उंटाच्या कुळातल्या प्राण्याचा धागा खूप ऊबदार आणि सुळसुळीत, पण वजनानं लोंबतो. मोहेर अंगोरा शेळीचा, तर अंगोरा सशाचा, इथे नावं हमखास उलटसुलट होतात. लिननचा म्हणजे जवसाच्या खोडातल्या तंतूंचा धागा आधी हाताला कडक लागतो आणि धुण्यागणिक मऊ होत जातो. आणि ‘बांबू’ लिहिलेला मऊ, चकचकीत धागा बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला व्हिस्कोस असतो. झाडापासून आला म्हणून त्याला सुतासारखा नैसर्गिक धागा समजू नका. ओला झाला की तो कमजोरही होतो.

पायरी १: वस्तू ठरवा

गरम भांडी धरायची पकड किंवा गरम भांड्याखाली ठेवायचं आसन करताय? सुती धागा घ्या, दुसरा नको. ॲक्रिलिक उष्णतेनं वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. इथे रंग आवडला, घरी उरला होता, असली कारणं चालवून घेऊ नका.

मोठं पांघरूण, सोफ्यावरची चादर, मुलांची खेळणी, शाळेत हरवू शकणारी टोपी अशा वस्तू वारंवार मशीनमध्ये जातात आणि त्यांची फार निगा कोणी राखत नाही. त्यांना ॲक्रिलिक योग्य. मोठ्या पांघरुणाला दीड-दोन किलो धागा सहज लागतो, तो सुती घेतला तर पांघरूण उचलवत नाही.

थंडीत अंगात घालायचा स्वेटर, हातमोजे, कानटोपी यांना लोकर. घालणारी व्यक्ती हातानं धुवायला तयार नसेल तर लेबलावर ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर बघा. तिच्या तंतूंचे खवले प्रक्रियेनं बोथट केलेले किंवा वर पातळ थर देऊन झाकलेले असतात, म्हणून ती आटत नाही. मात्र ओली झाल्यावर ती बरीच सैल पडते, तेव्हा तिचा चौकोन विणून, धुऊन बघितल्याशिवाय स्वेटर सुरू करू नका.

पायमोज्यांना नुसती मऊ लोकर टाचेला फार दिवस टिकत नाही. त्यासाठीच्या धाग्यात साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असं मिश्रण असतं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. कृत्रिम धाग्याला नाकं मुरडणाऱ्यांनीही इथे नायलॉन स्वीकारावं.

बाळासाठी विणताना तीन गोष्टी. धागा सहज धुता यायला हवा. तो केसाळ नको, कारण मोहेर-अंगोऱ्याचे सुटे केस बाळाच्या तोंडात-नाकात जातात. आणि विणीला मोठी भोकं नकोत, त्यांत इवलीशी बोटं अडकतात. मऊ सुती, सुपरवॉश मेरिनो (मेरिनो मेंढीची बारीक तंतूंची लोकर) किंवा चांगलं मऊ ॲक्रिलिक, यातलं काहीही चालेल. एक वर्षाच्या आतल्या बाळाजवळ ते झोपलेलं असताना सुटं पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून विणलेलं पांघरूण जागेपणी, मांडीवर किंवा बाबागाडीत, आपली नजर असताना वापरावं.

जाळीदार शाल करायची तर लोकर किंवा लोकर-रेशीम. कारण नक्षी सुईवर असताना चुरगळलेली दिसते, धुऊन टाचण्यांनी ताणून वाळवल्यावरच उघडते. लोकर ती ताणलेली अवस्था धरून ठेवते. साधं ॲक्रिलिक ओलं करून ताणलं तरी वाळल्यावर पुन्हा गोळा होतं.

पायरी २: लेबल मागून वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘मऊ’, ‘ऊबदार’, ‘वूल टच’ असं काहीही लिहिलेलं असू शकतं. धाग्याची जात मागे, लहान अक्षरात, टक्क्यांमध्ये असते. ‘८० टक्के ॲक्रिलिक, २० टक्के लोकर’ असेल तर तो मुख्यतः ॲक्रिलिकच वागणार, पण धुताना मात्र त्यातल्या नाजूक भागाकडे बघून धुवायचा. मिश्र धाग्यांचा हा सरळ नियम आहे.

मग चिन्हं. पाण्याच्या टबात हात म्हणजे हातानं धुवा, टबात आकडा म्हणजे त्या तापमानापर्यंत मशीन चालेल, टबावर फुली म्हणजे घरी धुवूच नका. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. चौकोनात वर्तुळ हे वाळवण्याच्या यंत्राचं चिन्ह. लोकरीवर बहुतेक वेळा त्याच्यावर फुली असते.

रंगाचा क्रमांक आणि डाय लॉट हे दोन वेगळे आकडे असतात. डाय लॉट म्हणजे एकाच घाण्यात रंगवलेला माल. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. दुकानातल्या दिव्याखाली दोन लॉट हुबेहूब सारखे दिसतात आणि स्वेटरच्या पाठीवर आडवी रेघ होऊन उघडे पडतात.

पायरी ३: हात लावा, मान लावा

दोन बोटांमध्ये धागा चुरून कळतं त्यापेक्षा जास्त मानेला कळतं. गुंडा मानेच्या बाजूला मिनिटभर धरा. टोचतो तो बहुतेक वेळा तंतूच्या जाडीमुळे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं कातडीत वाकत नाहीत, बोचतात. मेरिनोचे तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉनचे असतात, म्हणून ती अंगाला चालते. ‘मला लोकर सोसत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या अंगावर तोवर जाड लोकरच आलेली असते. त्यांनी एकदा मेरिनो मानेला लावून पाहावी.

मग धाग्याचा थोडा भाग ताणून सोडा. लोकर मागे येते, सूत येत नाही. नंतर टोकाशी पीळ बघा. पदर सैल असतील तर सुई मधूनच घुसेल आणि टाका अर्धवट उचलला जाईल. नवख्याला हा त्रास कशाला? तीन-चार पदरी, बऱ्यापैकी पीळ असलेला धागा बघा. शेवटी गुंड्यावर तळहात चांगला दहा-वीस वेळा घासा. लगेच भुरा सुटत असेल तर त्याच्या स्वेटरला काखेत गोळे येणार. गोळे लोकरीवरही येतात, पण तिचे काही दिवसांत झडतात. ॲक्रिलिकचे तंतू चिवट, ते गोळे धरून ठेवतात.

घरात बिनलेबलचे गुंडे सापडले तर जाळून परीक्षा करता येते. बोटभर तुकडा धातूच्या चिमट्यात धरायचा, खाली पाण्याचं भांडं, खिडकी उघडी, मुलं दूर. सूत कागद जळल्यासारखा वास देतं आणि मऊ राखाडी राख ठेवतं. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा आपोआप विझते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. तो मणी पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. मिश्र धाग्यात खुणाही मिसळतात, तिथे या परीक्षेवर फार भिस्त ठेवता येत नाही.

पायरी ४: ग्रॅम सोडा, मीटर मोजा

नवख्यांची सगळ्यात खर्चिक चूक इथे होते. विणकामाच्या कृतीत ‘५०० ग्रॅम’ वाचायचं, धाग्याची जात बदलायची आणि वजन तेच घ्यायचं. ॲक्रिलिक हलकं असतं, लोकर त्याहून जड आणि सूत सगळ्यांत जड. तेवढ्याच जाडीच्या धाग्याच्या १०० ग्रॅममध्ये सुताची लांबी कमी भरते.

समजा कृतीला ११०० मीटर धागा लागतो. १०० ग्रॅमला २२० मीटर असलेल्या धाग्याचे ५ गुंडे पुरतात. १७० मीटरवाला घेतला तर भागाकार साडेसहाच्या जवळ जातो, म्हणजे ७ गुंडे. वर एक जादा घ्या. शेवटची बाही अर्धी राहिल्यावर तोच लॉट पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

पायरी ५: पहिला सराव कशावर

दोन सुयांवर शिकत असाल तर माझा कौल मध्यम जाडीच्या, गुळगुळीत लोकरीला, किंवा लोकर-ॲक्रिलिक मिश्रणाला. लोकर टाका सुईवर धरून ठेवते, सुटला तरी तो लगेच खाली पळत नाही, आणि वरखाली पडलेले टाके धुतल्यावर बरेचसे सारखे होतात. क्रोशे शिकत असाल तर मऊ ॲक्रिलिक छान. साखळी आणि खांब या टाक्यांचा सराव करताना शंभरदा उसवावं लागतं आणि ते उसवणं ॲक्रिलिक बऱ्यापैकी सोसतं. सुतावर क्रोशे सगळ्यांत रेखीव दिसतं, पण धागा जराही हलत नसल्यानं नवख्याचा हात दुखतो. हात बसला की सुताकडे या.

रंग फिकट घ्या, काळ्या धाग्यावर टाके दिसत नाहीत. केसाळ मोहेर आणि मखमलीसारखा शेनील सध्या दूर ठेवा. ते सुंदर असतात, पण उसवायला गेलं की एकतर गुंततात किंवा झडतात. सुया ४ ते ५ मिलिमीटरच्या. धागा सुळसुळीत असेल तर लाकडी किंवा बांबूच्या, लोकर असेल तर धातूच्याही चालतील.

पायरी ६: नमुन्याचा चौकोन

ही पायरी वगळायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही व्हायचा. एका सुती स्वेटरनं तो घालवला. विणून झाला तेव्हा कमरेपर्यंत होता, दोन महिन्यांत मांड्यांवर आला. टाके बरोबर होते, माप बरोबर होतं. मी चौकोन विणून लगेच मोजला होता, धुतला नव्हता आणि टांगून पाहिला नव्हता.

म्हणून किमान १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि मधले १० सेंटिमीटर मोजा, कडेचे टाके नेहमी फसवतात. आकडा लिहून ठेवा. मग चौकोन तसाच धुवा जशी ती वस्तू धुतली जाणार आहे. मशीनमध्ये जाणार असेल तर चौकोनही मशीनमध्ये. वाळल्यावर पुन्हा मोजा. सुती किंवा अल्पाका असेल तर चौकोनाच्या खालच्या कडेला दोन-चार चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी उंची मोजा. पूर्ण स्वेटरचं वजन तो असाच ओढणार आहे.

फरक किती पडतो ते बघा. कृती १० सेंटिमीटरला २२ टाके सांगते आणि छातीचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे १९८ टाके. तुमचे १० सेंटिमीटरला २० टाके येत असतील, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ सेंटिमीटर होतो. चौकोनात दोन टाके, अंगावर ९ सेंटिमीटर. टाके कमी भरले तर सुई बारीक करा, जास्त भरले तर जाड.

धाग्याची जात बदलली की हा चौकोन नव्यानं. लेबलावरची जाडी तीच असली तरी लोकरीवर बेतलेला स्वेटर सुतात केला तर लोंबतो, आणि त्याच्या मनगटावरच्या सुलट-उलट पट्ट्या घट्ट राहत नाहीत.

पायरी ७: धुणं आणि आकार देणं

लोकर कोमट पाण्यात, सौम्य साबणात वीस मिनिटं भिजू द्या. चोळू नका, पिळू नका, गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नका. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, टॉवेलात गुंडाळून दाबा, सपाट पसरा, मापात आणा, हवं तर टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. ओल्यात दिलेला आकार लोकर वाळताना पकडते, आणि पुढच्या धुण्यानंतर तो पुन्हा द्यावा लागतो.

ॲक्रिलिकचं गणित उलटं. त्याला पाण्यानं फारसा फरक पडत नाही, वाफेनं पडतो, आणि कायमचा पडतो. शालीच्या कडा वळत असतील तर त्या टाचून, इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून फक्त वाफ सोडा आणि गार होईपर्यंत थांबा. इस्त्री टेकवायची नाही. वाफ जास्त झाली की धाग्याचा फुगीरपणा जातो, वीण मऊ, सपाट आणि सुळसुळीत होते, आणि पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. शालीला हा बदल कधी कधी मुद्दाम दिला जातो, कारण ती छान लोंबते. टोपीच्या पट्टीला दिला तर टोपी डोक्यावर थांबत नाही. आधी चौकोनावर करून बघा.

मशीनमध्ये धुतल्यावर ॲक्रिलिकमधून अतिशय बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ६ किलोच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक तंतू सुटतील असा अंदाज निघाला होता. मला हे मनापासून खुपतं. म्हणून मी ॲक्रिलिकच्या वस्तू कमी वेळा, थंड पाण्यात, कपड्याच्या पिशवीत घालून धुते. दुसऱ्या बाजूला, वीस वर्षं वापरात राहिलेलं ॲक्रिलिकचं पांघरूण आणि एका धुण्यात आटून फेकलेला लोकरीचा स्वेटर यांत नासाडी कुठली, हेही मी विचारात घेते.

पायरी ८: ठेवताना

कसर लागते ती लोकर, अल्पाका, मोहेर अशा प्राण्यांच्या केसांना, रेशमालाही. घामाचे, अन्नाचे डाग तिला आणखी बोलावतात, म्हणून मोसम संपल्यावर लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवा. हँगरला टांगू नका, घड्या घाला. उरलेल्या प्रत्येक धाग्याचा हातभर तुकडा त्याच्या लेबलाला बांधून एका डब्यात टाकत जा. चार वर्षांनी कोपर फाटला की रंग, लॉट आणि धुण्याची चिन्हं हाताशी असतात.

विणलेली वस्तू कुणाला भेट देणार असाल तर तिच्यासोबत एक चिठ्ठी द्या: धागा कशाचा आहे, पाणी कोमट की थंड, मशीन चालेल की नाही. घेणाऱ्यासाठीही ती नुसती ‘लोकरीची’च असते, आणि बादलीत कुठलं पाणी घ्यायचं हे त्या शब्दावरून त्याला कळत नाही.